भात्यामागून

माझी जागा पडद्यामागे.
इथून वाजवणारा दिसत नाही.
दिसतो दोरीला लटकलेला शिशाचा गोळा
आणि लाकडावरची पेन्सिलची खूण.
गोळा खुणेच्या वर चढला
की समजायचं, वारा संपत आलाय.

मोटर जळून सात वर्षं झाली.
पंचकमेटीच्या वहीत दर जानेवारीला तिचं नाव येतं,
दर जूनला पैसे पत्र्यावर जातात.
म्हणून मी. रात्रपाळी उतरून थेट,
पांढऱ्या साडीवर स्वेटर चढवून.
वॉर्डात पहाटेपर्यंत कुणासाठी
रबरी फुगा दाबलेला असला
तर इथला दांडा हलका लागतो,
का ते मला माहीत नाही.

दांड्याशेजारी आधीच्यांनी खिळ्यानं कोरलंय:
याकोब. सुंदरदास (दोनदा).
आणि नाव न घालता कुणीतरी,
‘उपदेश लांबला’.

आज कापणीचा सण.
वेदीपाशी ऊस, हळदीची कांडं, एक थोराड भोपळा,
पाय बांधलेली कोंबडी
प्रार्थनेत मधेमधे बोलणारी.
चार वाजता वादन.
वाजवणारे एसटीनं आले, वाईचे उजगरे,
पाचगणीचे थिओडोर भांबळ, साताऱ्याच्या एलीशेबा आढाव,
प्रत्येकाच्या पिशवीत वाजवायचे बूट,
पातळ तळव्यांचे, रस्ता न पाहिलेले.

गेल्या वर्षी चौघं होते.
आष्ट्याच्या साळवीसरांचे बूट
त्यांच्या मुलीनं बाकाखाली आणून ठेवले,
‘बघा, कुणाला होतात का.’
उजगऱ्यांना घट्ट, भांबळांना सैल.
मग चहा, खारी, आणि नेहमीचं भांडण:
साताऱ्याची मंडळी गीत ओढत नेतात
की मिरजेची पाठीमागं कुत्रं लागल्यासारखी पळतात.

बंदेनवाज चाचा शेवटच्या बाकावर बसलेले.
सतारमेकर गल्लीतले; उन्हाळ्यात त्यांनीच
मोठ्या नळीतून कुंभारमाशीचं घर काढलं,
भात्याला तबल्याच्या पुडीचं उरलेलं चामडं लावलं,
आणि मजुरी विचारली तर म्हणाले,
‘एकदा ऐकवा, मग बोलू.’

आढावबाई तिसरं गीत वाजवत होत्या
तेव्हा एक सूर अडकला.
खालची काळी दोन.
बोट उचललं तरी तो चालूच,
दार उघडं राहिलेल्या घरातल्या दिव्यासारखा.
पहिल्या रांगेत कुणी खोकलं.
पाळकसाहेब पडद्याशी येऊन कुजबुजले, ‘थांबव.’
थांबवणं माझ्याच हातात होतं.
दांडा सोडायचा, बस.

मी गोळ्याकडे पाहिलं. खुणेखाली, शांत.
आणि पलीकडे आढावबाई, ज्या मला दिसत नाहीत,
क्षणभर काहीच वाजवेनात.
मग त्यांनी गीत उचललं आणि
त्या अडकलेल्या सुरावर आणून ठेवलं,
सावकाश, साताऱ्याच्या चालीनं,
जणू तो पहिल्यापासून तिथंच होता
आणि चुकत आम्ही होतो.
मागून चाचांचा आवाज आला,
देवळात बोलू नये हे विसरून:
‘हां. आता तंबोरा लागला.’

गीत संपलं. सूर नाही संपला.
सगळे माना खाली घालून बसलेले,
आता प्रार्थना म्हणायची की टाळ्या वाजवायच्या
कुणाला ठरवता येईना.
मी आणखी दोनदा दांडा ओढला. तिसऱ्यांदाही.
मग सोडला.
गोळा वर सरकू लागला,
सूर किंचित उतरला, कापरा झाला,
आणि मला वॉर्डातली सात नंबरची खाट आठवली,
पण तेवढ्यात कोंबडी ओरडली.

लिलावात ऊस पाळकसाहेबांकडे गेला,
कोंबडी उजगऱ्यांकडे; एसटीत नेणार कशी, देव जाणे.
भोपळा चाचांनी घेतला, आधी टिचकी मारून,
‘भाजीचाच आहे,’ म्हणाले, थोडे नाराज.
शेवटी टेबलावर राहिले
साळवीसरांचे बूट, चुकून तिथं गेलेले.
मुलगी ‘राहू द्या’ म्हणेपर्यंत
मी वीस रुपये बोलून बसले होते.

पुढं कुणी बोललं नाही.