फिशाखा बेडणेकर

अरबीत प नाही, व नाही.
म्हणून सोहारच्या कचेरीतल्या पोरानं
मला कार्डावर जशी ऐकली तशी लिहिली,
आणि परत वाचली तेव्हा मी झाले
फिशाखा बेडणेकर.
नऊ वर्षं पगार तिचा होतो,
ताप तिला येतो, औषधाच्या पुडीवर ती.
विशाखा पेडणेकर इथे उतरली होती
अशी या किनाऱ्यावर नोंद नाही.

काम माझं जर्मन पंपांच्या पुस्तिका इंग्रजीत आणायचं.
खारं पाणी कुठून आत घ्यावं,
गोडं कुठून सोडावं,
कुठला पडदा किती दाब सोसतो.
खाली सही नसते. पंपाला लेखक नसतो.

डीटरसाहेब निवृत्त झाले तेव्हा
दारात एक खोका ठेवून गेले,
"तुम्ही वाचता ना, म्हणून."
तळाशी त्यांच्या पणजीजवळची कादंबरी.
लेखक: कोनराड ब्राख.
काळी, काटेरी जुनी अक्षरं;
त्यांत स आणि फ जुळे भाऊ,
इवल्याशा रेघेचा फरक.
मला हसू आलं. मी त्याच रेघेवर राहते.

मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं पणजी, बर्टा:
सतराव्या वर्षी ती एका बाईंकडे लागली,
हस्तलिखितं उतरवून द्यायला,
कारण बाईंचं अक्षर फार बायकी.
प्रकाशकाकडे जायचं बर्टाचं,
मुद्दाम रांगडं केलेलं.

बाई म्हणजे हेन्रिएट लुडेकिंग.
उत्तर समुद्राकाठी बांधामागचं गाव,
नवरा जकातीत, मुलं चार, जगली दोन.
ब्राख म्हणजे पडीक रान.
नाव तिनं स्वतः निवडलं, कोबी चिरताना.
सतरा कादंबऱ्या.
मानधनाच्या पावतीवर सही नवऱ्याची,
बायकोची सही कायद्याला वाचता येत नसे.
वाचक लिहीत, "प्रिय महाशय".
एकानं उंची तंबाखू धाडली;
ती तिनं लोकरी कपड्यांत घातली, कसर लागू नये म्हणून.
त्या हिवाळ्यात मुलांच्या अंगाला
महाशयांचा वास.

बाराव्या प्रकरणात जहाज सोहारला लागतं.
मी खुर्चीत ताठ झाले.
ती इथे आली नव्हती.
ती कुठेच गेली नव्हती;
जकातीतून नवऱ्यानं आणलेली
एखाद्या पोत्याची चिठ्ठी, एवढाच तिचा प्रवास.
आणि लिहिते:
इथल्या समुद्राला वेलदोड्याचा वास आहे.

मी खिडकी उघडली.
डिझेल. वाळत घातलेली तारली.
खालच्या लाँड्रीची वाफ.
खोटारडी, म्हटलं मी, आणि खिडकी लावणार तेवढ्यात
वरच्या मजल्यावर कुणीतरी कहवा ठेवला.

त्या ओळीलगत, समासात, बारीक पेन्सिल:
"हे वाक्य माझं. बाईंना सुचत नव्हतं.
त्यांनी वाचलं, आणि राहू दिलं."

बाई गेल्या तेव्हा गावच्या पेपरात
जकात अधिकाऱ्याच्या विधवेला दोन ओळी.
पुढची दोन वर्षं लोक विचारत राहिले,
ब्राखसाहेब सध्या काही लिहीत नाहीत का?
बर्टाला कुणी काही विचारलं नाही.
बर्टानं मग पेन्सिल घेतली असावी.

दुसऱ्या दिवशी कचेरीत
पान एक्केचाळीस, पडदे धुण्याची रीत.
सात पायऱ्या होत्या.
आठवी मी लिहिली:
पाणी गोडं झालं की आधी ओंजळभर चाखून पाहावं.
साहेबांनी तपासलं. शिक्का मारला.

परवा प्लांटवर गेले तर
दादकरीम, बलुची ऑपरेटर, हेल्मेट काखेत,
नळाखाली ओंजळ धरून उभा.
काय करतोस रे?
पुस्तकात लिहिलंय, म्हणाला.
चाखलं. डोळे मिटले.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
अजून जरासं खारट आहे.