रिकामा रकाना

विनिपेग. उणे एकतीस.
नदी इतकी घट्ट की पोरं तिच्यावरून
स्केट बांधून शाळेत जातात.
सातव्या मजल्यावर आम्ही, क्लिअरिंग हाऊस:
कनोला विकणाऱ्यासमोर घेणारे आम्ही,
घेणाऱ्यासमोर विकणारेही आम्हीच,
मधे उभं राहायचं, एवढाच आमचा धंदा.
दाणा म्हणाल तर इथे एकच बरणी,
हलिना दमित्रिवच्या टेबलावर,
मोहरीची बहीण शोभावी असा काळा ऐवज.
आबराम थीसनने दिलेली, कधीतरी, काही न बोलता.

मला यंत्र शिकवायला ठेवलं होतं.
यंत्राला काय द्यायचं? भाव, चढउतार, थकबाकी,
आणि हलिनाच्या बावीस वर्षांच्या वह्या.

'थीसन. एक लाख ऐंशी हजार कमी. फोन केला.
आकडा सांगण्याआधी घसा खाकरला नाही.
दुपारपर्यंत थांबते.'

'दुसरा (नाव नको). खाकरला, दोनदा.
आत्ताच मागा.'

मी विचारलं, हे कुठल्या रकान्यात घालू?
ती म्हणाली, पोरा, तुझं तू बघ.
मी बघितलं. खाकरला: एक. नाही खाकरला: शून्य.
हसू नका, चाचणीत तो रकाना
व्याजदरापेक्षा सरस निघाला.

मग यंत्र कामाला लागलं
आणि फोन बंद झाले. कशाला करायचे?
पहाटे तीन बावन्नला दूरच्या एका बंदरात
जहाज अडकतं, भाव उसळतो,
आमचं यंत्र मार्जिन मागतं,
त्यांचं यंत्र चार वाजून पाचला भरतं.
तेरा मिनिटं. कुणाची झोप मोडत नाही.
पूर्वी हलिना त्या वेळी दारात उभी राहून
बुटांवरचा बर्फ झटकत असायची.

बुडालेल्याच्या नुकसानीला आमच्यात धबधबा म्हणतात:
आधी त्याची अनामत, मग त्याचा वाटा,
मग आमचा खिसा, मग बाकी सगळ्यांचा.
वर्षभरात एक थेंब खाली आला नाही.
साहेबांनी केक आणला.

थीसनच्या नावापुढे हिरवा ठिपका होता,
सोमवारी, मंगळवारी, बुधवारी.
गुरुवारी हलिनाने उगाच फोन लावला.
'उगाच' हा शब्द तिचाच.
आल्टोनात बराच वेळ वाजला. सुनेने उचलला.
हलिनाने ऐकलं. मधे एकदा
'कधी' एवढंच विचारलं. मग फोन ठेवून
बरणी थोडी उजवीकडे सरकवली.

सोमवारी पहाटे, गोठ्याच्या वाटेवर.
तीन दिवस मार्जिन वेळेवर येत होतं,
पैशापैशाने चोख, त्या माणसाच्या हयातीत
कधी नव्हतं इतकं चोख.

मी वहीतला तो रकाना उघडून पाहिला.
फोन नाही म्हणून नोंद नाही,
नोंद नाही म्हणून रिकामा,
आणि रिकाम्याला यंत्र शून्य वाचतं.
गेल्या नऊ महिन्यांत आमच्याकडे
कुणी म्हणून घसा खाकरला नव्हता.
जिवंत, मेलेले, सगळे सारखेच खरे.

हे माझ्या हातून झालं होतं. एका ओळीत.
मी तिला सांगितलं. ती रागावली नाही,
रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने थीसनचं खातं हाताने थांबवलं.
पडद्यावर चौकट आली: कारण निवडा.
भाव. रोकड. तारण. तांत्रिक अडचण.
ती यादी वरून खाली वाचत गेली,
मग खालून वर.
चष्मा काढला, पुसला, घातला.
'तांत्रिक अडचण' वर बोट ठेवून म्हणाली,
हे चालेल का?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं
आणि आधी, नकळत,
घसा खाकरला.