पासंग

तार्तूच्या त्या खोलीत आम्ही चौघं,
खिडकीखाली गोठलेली एमायोगी,
आणि टेबलावर माणसांचे तक्ते.
प्रत्येक नावापुढे एक आकडा,
पार्सलवर वजनाचा शिक्का असावा तसा.

तोनू राउदसिक चष्मा पुसत म्हणाले,
"किवीसू बाई या तरुण वेस्केच्या
पासंगालाही पुरत नाहीत."
कुणी हसलं. मीही, थोडंसं.

मारेत किवीसू. वय एकोणसाठ.
संदर्भ चारशे बारा,
जवळजवळ सगळे एकाच लेखाला,
जो तिनंच अकरा वर्षांमागं
"माझी मोजणी चुकली" म्हणून मागं घेतला.
तरी संदर्भ वाढताहेतच,
फेडलेल्या कर्जावर व्याज चढत राहावं तसे.

दुसरा लेख सात पानांचा, एस्टोनियन भाषेत,
म्हणजे यंत्राच्या लेखी लिहिलाच गेला नाही.
त्यात एवढंच, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना
आपण सवयीनं जे इंजेक्शन टोचतो
त्यानं आजार हटत नाही, कान मात्र जातात.
संदर्भ तीन. पैकी एक तिचाच.

मी पार्नूच्या इस्पितळात फोन लावला.
हिल्या नावाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या,
"ते होय? औषधांच्या कपाटाला
दाराच्या आतून चिकटवलंय.
चिकटपट्टी दोनदा बदलली."

चिकटपट्टी बदलल्याचा रकाना
आमच्या तक्त्यात नव्हता.

न आलेलं बहिरेपण मोजायचं कसं?
पार्नूत आत्ता एखादा मुलगा
मागून हाक आली म्हणून वळत असेल,
वैतागून, "आलो ना!" म्हणत.
किंवा नसेलही. त्याच वर्षी
इस्पितळानं औषधाची कंपनीही बदलली होती,
हेही हिल्याच म्हणाल्या.
मी दोन्ही लिहून घेतलं.

मग वेस्केचंही वाचलं, आकडा हातानं झाकून.
चांगलं होतं.
आकडा सांगत होता त्याहून निराळं चांगलं.

चारलाच अंधार पडला.
पासंग म्हणजे खरं तर तराजूची खोट,
मालाचा त्यात काय दोष,
हे ओठांवर येऊन राहिलं.

"मग गुण किती?" राउदसिकांनी विचारलं.
म्हटलं, वाचायला अजून आठवडा द्या.
त्यांनी घड्याळ पाहिलं,
मग बराच वेळ ती सात पानं,
आणि कोटाच्या आतल्या खिशातून
दुसरा चष्मा काढला,
जवळचं वाचायचा.