पी ०४२०

थंडर बे. बाहेर उणे एकवीस.
आइली कोस्केला जुन्या ब्यूकखाली
पाठीवर पडून.

पडद्यावर दोन रेघा :
पुढचा सेन्सर नाचतो, त्याचं कामच ते.
मागच्यानं गप्प राहायचं,
तर तोही त्याच तालावर.

"कन्व्हर्टरच गेला ना?
सगळे तेच म्हणतात."
नव्याचे पैसे नाहीत,
हे बुटांवरून कळतंच.

ती बोलत नाही.
इंजिन गार होऊ देते,
सायलेन्सरच्या तोंडातून उलटी हवा सोडते,
सांध्यावर कोमट साबणपाणी
आणि थांबते.

एक बुडबुडा.
गंजल्या गॅस्केटपाशी
मग दुसरा, तांदळाएवढा.

"दिवा चहाडी खरी करतो,"
ती सरपटत बाहेर येते,
"नाव तेवढं शेजाऱ्याचं सांगतो.

अकरा डॉलर.
तो पाना दे इकडे."