उरलेली मिशी

निपाणीत, जुन्या टॉकीजच्या दारात
दस्तगीरचाचा तिकिटं फाडायचे.
पोस्टरच्या कोपऱ्यात ‘ए’ असला
की त्यांचं स्टूल आतून पायरीवर यायचं.

मी तेव्हा नववीत.
तव्याची काजळी बोटावर घेऊन
ओठावर मिशी काढलेली,
मामाची पँट, पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक.
चाचांनी तिकीट बघितलंच नाही.
अंगठा जिभेवर ओला केला,
माझी अर्धी मिशी पुसली, अर्धी तशीच ठेवली.
“उरलेली उगवली की ये,” म्हणाले.
रांग हसली.
मी तंबाखूच्या वखारीमागं जाऊन रडलो.
दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर
तिकिटाचे पैसे त्यांनी हातात ठेवले.
घरी कुणाला सांगितलं नाही,
त्यांनीही नाही.

टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय.
माझं मोबाइलचं दुकान स्टँडच्या अंगाला.

परवा रेणव्वा आली, विड्यांची पाटी काखेत,
फोन काउंटरवर ठेवून म्हणाली,
“ह्याला कुलूप घाल.”
“काय दिसलं?”
“दिसलं ते बोलायचं न्हाय.”
तिचा प्रज्योत बाहेर उभा,
समोरच्या हेल्मेटवाल्याकडं एकटक बघत,
जणू सगळी हेल्मेटं त्यालाच विकत घ्यायची होती.

मी फोन उघडला. तिथं एक प्रश्न होता,
तुमचं वय अठरा पूर्ण आहे का?
खाली हो. खाली नाही.
बारा वर्षांच्या बोटानं ‘हो’ दाबलं होतं
आणि दार उघडलं होतं.

कायदा आहे.
मीच चिकटवलाय, कव्हरांच्या वर,
ठाण्यातून आलेलं पत्रक, सगळं कन्नडमध्ये.
मराठीत मागितलं तर हवालदार म्हणाला, बरतैति.
येईल म्हणे. दोन दिवाळ्या झाल्या.
आमच्याकडं अक्षरांवरून डोकी फुटलीत,
पाट्यांना डांबर लागलंय,
पण त्या कागदात एक आकडा आहे
तो इकडच्याला तिकडच्याला सारखाच वाचता येतो.
अठरा.

कोगनोळीचा नाका ओलांडला
की फोन खिशातल्या खिशात थरथरतो,
राज्य बदललं, स्वागत आहे.
इतकी बारीक रेघ त्याला कळते.
पोराच्या ओठावरची लव कळत नाही.

आता नवा नियम येतोय म्हणतात,
आईबापाची संमती लागणार.
मी रेणव्वाला समजावून सांगितलं,
तुझ्या नंबरवर आकडे येतील, ते टाकायचे.
ती हसली.
“मला कुठं वाचाय येतंय?
मेसेज आला की ह्योच वाचून दावतोय.”

मग मी कुलपाचा आकडा विड्यांवर शिकवला.
पाटीतून काढून काचेवर मांडल्या,
चार, जागा सोडून दोन, मग सात, मग एक.
पंचवीसचा कट्टा न मोजता बांधणारी बाई,
बोटांनी तिला एका फेरीत पाठ झालं.
कोणता आकडा कसा दिसतो
ते मात्र चारदा गिरवून घेतलं,
तंबाखूच्या भुकटीत, काचेवर.

संध्याकाळी चाचा रिचार्जला आले,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी.
त्यांना मी सगळं सांगितलं, नाव न घेता.
ते बटणही दाखवलं.
त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.
“ह्याच्यामागं कोण बसतंय?”
कोणी नाही, चाचा.
“मग विचारतंय कुणाला?”

तेवढ्यात प्रज्योत चार्जरची पिन घेऊन आला,
सैल झालीय म्हणाला.
चाचांनी चांगला डोळा त्याच्याकडं वळवला
आणि बघत राहिले,
पोस्टर नाही, तिकीट नाही, तोंडाकडं.
पोरानं का कोण जाणे
ओठांवर हात ठेवला.

चाचा बाकावर थोडे सरकले.
“बस,” म्हणाले. “पिन व्हायला वेळ हाय.”

पिन दोन मिनिटांत झाली होती.
मी ती हातात धरून
उगीच फुंकर मारत राहिलो.