सत्तेचाळीस क्रमांकाचा श्वास

रोज सकाळी सात दहाला
ब्लायनाय फेस्टिन्योगच्या डोंगरातून
एक श्वास माझ्याकडे येतो.
बँगोरच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
चहाचा कप बाजूला सारून मी तो उघडते.

पडद्यावर नाव नसतं.
४७. पुरुष. वय एक्याऐंशी. दगडाच्या खाणीत बत्तीस वर्षं.
नाव कपाटात, कपाटाला कुलूप,
किल्ली माझ्याच खिशात.

पाट्यांचा दगड तो. कुठकुठली पोरं
त्याच्यावर अक्षरं गिरवून मोठी झाली,
आणि तो कापणाऱ्यांनी भुकटी छातीतून घरी नेली.

गोळी खरी की नुसतीच खडूची,
ते त्याला ठाऊक नाही, मलाही नाही.
मला ठाऊक आहे त्याची रेघ:
झटक्यात वर चढते,
मग कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी
मधेच खाली बसते,
आणि दुसऱ्या सेकंदाला एक खाच. खोकल्याची.
दोन वर्षं बघतेय मी ती खाच.
कुणाचं हस्ताक्षर ओळखावं तशी.

मार्चमध्ये आकडे उतरू लागले.
एक लिटर दहा. एक लिटर दोन. नऊशे चाळीस.
नऊशेच्या खाली सलग चौदा दिवस, की ट्रायलमधून बाहेर,
गोळी बंद. हे कागदावर आहे,
खाली त्याची सही आहे.

आठशे ऐंशी. आठशे साठ.

मग एका मंगळवारी: एक लिटर चाळीस शतांश.
पूर्ण एक पॉइंट चार.
बुधवारीही तेवढंच.
"लागू पडतंय," प्रोफेसर जिन्यात म्हणाले,
जे जिन्यातही म्हणायचं नसतं.
मी रेघ बघत बसले.
खाच नव्हती.

अकरा दिवस खाच नव्हती.
मी कपाट उघडलं.

घर शेवटच्या गल्लीत. मागे खाणीचा राडारोडा,
टेकडीएवढा, पावसात निळा पडणारा.
इद्वल पारी खिडकीशी खुर्चीत,
एलुनेड आत, नळ उगाचच सोडलेला.

"मी फुंकलं," मी विचारायच्या आत ती म्हणाली.
"त्याला नसतं जमलं, आणि गोळी गेली असती."
खडूची असली तर?
"असेना. तो गिळतो तेव्हा मला झोप लागते."

इद्वल हसला. हसू आवरायलाही
त्याला बराच दम खर्चावा लागला.
"हिला वाटतं, मला पत्ता नाही.
दाराआड यंत्र घेऊन जायची. मी इथून मोजायचो.
चारपर्यंत पोचते. मग नळ सोडते,
खोकला ऐकू येऊ नये म्हणून."
आणि दमानं, एकेक शब्द उचलून ठेवत:
"माझं राहू दे.
हिची रेघ नीट बघा."

रात्री परत येऊन पाहिली.
खाच शोधण्याच्या नादात
शेपटाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.
चौथ्या सेकंदानंतर, आता काही उरलं नाही असं वाटताना,
रेघ आत झुकलेली. थोडीशीच.

बत्तीस वर्षं दर शनिवारी
त्याचा कोट ती परसात झटकायची.
धुण्याआधी. दोन्ही हातांनी. तोंडासमोर.

अकरा नोंदी रद्द, असं मी लिहिलं.
४७ बाहेर, असंही लिहिलं, पेन दोनदा अडलं.
प्रोफेसरांचा आलेख होता तिथे येऊन बसला.

त्या अकरा रेघा मात्र पुसल्या नाहीत.
नवीन फाइल काढली. एलुनेड पारी. स्त्री. शहात्तर.
या खेपेला नावानिशी.
व्यवसायाच्या रकान्यात कॉम्प्युटर
आपणहून "गृहिणी" सुचवत होता.
मी खोडून "खाण" लिहिलं.

सोमवारी साडेनऊची वेळ दिलीय.
इद्वलही येणार म्हणे,
नळी, सिलिंडर, सगळं लटांबर घेऊन.
मोजायला.