टिटवी छाप

गुलाब शिकलगारच्या कंपनीत मी लेबलं चिकटवायचे,
शंभराला अडीच रुपये.
बाजू अ, बाजू ब, आणि मधे
आभाळ पडंल म्हणून पाय वर करून निजलेली टिटवी.
लोक हसायचे. तो म्हणायचा,
पडलंच उद्या, तर कुणीतरी पाय वर केलेलं असूं देत.

गंगावेशीत वखारीवरची माडी.
भिंतींना गुळाची रिकामी पोती ठोकलेली,
आवाज आत राहावा म्हणून.
आवाज राहायचा. मुंग्याही राहायच्या.
एक मास्टर टेप त्यांनीच खाल्ली, असं तो सांगायचा,
खरं तर ती उधारीत गेली होती.

बाप त्याचा सायकल स्टँडवर चढवून,
पायडल मारत, ठिणग्यांत,
अख्ख्या पेठेच्या कातऱ्यांना धार लावायचा.
गुलाबनं ते चाक सोडलं, सवय सोडली नाही.
लाइट बिलाच्या पाठीमागं लिहिलेल्या ओळीवरून
अंगठा आडवा फिरवायचा,
पात्यावरून फिरवतात तसा:
"ह्या 'काळजा'नं कागुद बी कापत न्हाई. काढ."
मग उरायचं ते एवढंच:

*दार घेऊन गेलास राया,
कडी तेवढी ठिवून गेलास.*

तानूबाई वडणगेकरीण ती म्हणायला आली
रात्री दोनला, रस्त्यावरची वर्दळ मेल्यावर.
एक इरकल आणि सहाशे रुपये, एवढ्यावर ठरलेलं.
चपला बाहेर, डोळे मिटलेले,
घसा तापवायला लवंग.
चार वेळा चुकली.
पाचव्यांदा लागली, आणि तिसऱ्या कडव्यात
खाली धारेला आलेल्या म्हशीची घंटा वाजली.
ठण्.
ढोलकीवाल्याचा हात अडला.
गुलाबनं काचेपलीकडून नुसती मान हलवली: चालू दे.

ती घंटा मग लग्नाच्या बँडवाल्यांनी उचलली,
ताबुतापुढं, गणपतीपुढं, कुस्तीच्या मैदानात
पोरं त्या जागेवर टाळी द्यायची,
का देतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षं, एकशे सदतीस कॅसेटी.
गीतकाराच्या रकान्यात त्यानं दरवेळी
'पारंपरिक' लिहायला लावलं.
मी एकदाच भांडले.
म्हणाला, धार लावली म्हणून
विळी काय आपली होती व्हय? ज्याची त्याला द्यायची.
तानूबाईचं नाव मात्र ठळक टाइपात हवं,
आणि तिच्या नावाची वेलांटी चुकली
म्हणून त्यानं एका पावसाळ्यात
चारशे कव्हरं पंचगंगेत नाही,
माझ्या डोक्यावर ओतली.

गेल्या बुधवारी रिक्षात तेच गाणं लागलं,
नव्या पोरीच्या आवाजात, खाली मशीनचे ठोके.
चांगलं गातीय. खोटं कशाला बोलू.
"लई जुनं हाय मावशी," रिक्षावाला म्हणाला,
"आपल्या बापजाद्यांच्या टायमाचं. कुणी केलं, देवाला ठाऊक."
मी हो म्हणाले.
तिसरं कडवं आलं.
घंटा पुसून टाकलेली, तिथं नुसती मोकळी जागा.
मी बोटातल्या अंगठीनं
समोरच्या दांडीवर
एकदा वाजवलं.